पस्तीस अंश

'ताठ धरू नका मावशी, सैल सोडा,' म्हणते मुजावरांची पोर.
मिरजेच्या सिव्हिलमध्ये निळ्या रेक्झिनवर मी उताणी,
टाच तिच्या तळहातात.
माझी टाच अशी कुणी धरली होती
ती बहुतेक सुईणीनं, मी जन्मले तेव्हा.

पाय वर जातो. वीस. पंचवीस. तीस.
मग कमरेतून कळ सुटते, कुल्ल्यातून पोटरीत,
पोटरीतून थेट करंगळीत,
ओल्या हातानं बटण दाबल्यासारखी.
ती प्लास्टिकचा कोनमापक लावते.
तसलाच विनायकच्या कंपासपेटीत होता, कोपरा मोडका.
पस्तीस अंश, असं लिहिते.
उजवा पाय पंचाहत्तर.

'शीर कमरेत दबलीय,' ती सांगते,
'आणि मांडीमागचा स्नायू आखडलाय, तिला जपायला.
भित्रा असतो तो. दुखणार म्हटलं की आधीच मूठ वळतो.'
मला तो ओळखीचा वाटला.
एकवीस वर्षं तासगावात मांडी घालून बेदाणा निवडते मी,
मुकादमाची सावली दारात पडली
की माझे खांदे असेच.

मग एक कागद. मराठीतच,
पण कुणाच्या घरची मराठी कोण जाणे.

किती वेळ बसू शकता?
एक तास, अर्धा तास, दहा मिनिटं, अशा चौकटी.
क्रेटची चौकट नाही.
पूर्वी दिवसाला अकरा क्रेट.
आता पहिला संपेस्तोवर डावा पाय दुसऱ्या कुणाचा तरी होतो.

किती चालू शकता?
शेडपासून स्टँडपर्यंत, दोनदा थांबून.
एकदा खताच्या दुकानापाशी
चप्पल नीट केल्यासारखं करते.
दुसऱ्यांदा मोबाइलवाल्याच्या काचेत बघत उभी राहते.
तो पोरगा आता मला किंमती सांगायला लागलाय.

वजन उचलू शकता?
कमल न विचारता माझा क्रेट उचलते.
तेच जड लागतं.

आठवा प्रश्न तिनं पान उलटून गाळला.
मी वाचला होता. सातवी शिकलेय.
नवरा-बायकोचा होता.
म्हटलं, 'लिही की.'
'काय लिहू?' कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिच्या.
'लिही, रात्री कूस बदलायची झाली की तो आधी विचारतो,
शालन, कुठल्या अंगाला?
आणि अंधारात उशी माझ्या गुडघ्यांमध्ये सरकवतो.'
तिनं पेन टेकवलं, पण चौकट सापडेना.

गणपतीचा रथ निघाला तेव्हा
दोराला हात लावला नाही यंदा.
हेही कुठं बसतंय का बघ म्हटलं.

बेरीज आली शंभरात बावन्न.
'म्हणजे मी अपंग का गं?'
'नाही मावशी, ते सर्टिफिकेट वेगळं. हा नुसता त्रास किती ते.'
म्हणजे एस.टी.त जागा मागायला कागद नाही,
आणि उभं राहायला पाय.

रात्री जुन्या लुगड्याची पट्टी तळव्याला अडकवते,
फरशीवर आडवी होऊन हळूहळू ओढते.
पाय जिथं नको म्हणेल तिथं थांबायचं,
भांडायचं नाही त्याच्याशी, असं तिनं बजावलंय.
आकडे तीसपर्यंत मोजायचे.
मी बेदाणे मोजते.
हिरवा, हिरवा, पिवळा, काळा बाजूला,
हिरवा.
बोटांना अजून गंधकाच्या धुरीचा वास.
कधी मध्येच स्नायू मूठ सोडतो,
एवढीशी, लगेच वळतो.

दीड महिन्यानं परत कोनमापक.
अडतीस.
डाव्या पायाची जोडवी
आता माझी मला सरळ करता येतात,
भिंतीला टेकून, श्वास धरून.

मुकादमानं विचारलं, 'शालनबाई, पडला का फरक?'
म्हटलं, 'तीन अंश.'
त्यानं शेडच्या पत्र्याकडे बघितलं,
कपाळावरचा घाम निपटला.
'कुठला हो,' म्हणाला, 'उलट वाढलंय.'